सातव्या झेंडीचं झाड

भीमाशंकर बिराजदारांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत हजारभर नकाशे काढले, पण ज्याच्यावर दोन्ही बाजूंनी हसतमुखानं सही झाली, असा एकही नकाशा त्यांना आठवत नव्हता. नोकरीच तशी होती. शेताच्या मोजणीला सरकारी माणूस कधी बोलावतात? भाऊ भावाशी बोलायचा थांबतो तेव्हा. निलंगा, औसा, मध्ये तीन वर्षं हदगाव आणि शेवटी लातूर, अशी त्यांची सगळी नोकरी बांधांवरून झाली. सुरुवातीला लोखंडी साखळी होती, मग नकाशा आखायचा फळा आणि दुर्बीण आली, शेवटी तिपाईवरचं यंत्र आलं. अवजारं बदलली, माणसं तीच राहिली. हद्दीची खूण रोवली की ज्याच्याकडे हातभर जमीन सरकली तो गप्प व्हायचा, आणि ज्याची सरकली तो बोलायला लागायचा. "मोजणी मान्य न्हाई" हे शब्द त्यांच्या कानांत इतके बसले होते की बाजारात कोणी आवाज चढवला तरी त्यांच्या पोटात गोळा यायचा.

पद्धतीचे मात्र ते पक्के. मोजणीला जाताना घरून पाण्याची बाटली आणि भाकरीचा डबा न्यायचा. कोणाच्या बांधावर चहा घ्यायचा नाही. एकाचा घेतला की दुसरा म्हणणार, साहेब फुटले. आणि त्याहून कडक नियम असा, की जी जागा स्वतःच्या पायाखाली घातली नाही, ती कागदावर घालायची नाही. गावचा पाटील सांगो की तलाठी, ऐकीव रेघ त्यांनी कधी ओढली नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या गावांचे प्लॉट पाडायला त्यांना पाठवलं होतं. तेव्हा ते तिशीच्या आतले. सरळ रस्ते, सारखे चौकोन, हात फिरवावा अशी आखणी त्यांनी केली. तिथं तरी लोक खूश होतील असं वाटलं होतं. पण तिथंही म्हातारी माणसं डोळे पुसत आली. घर मिळालं साहेब, म्हणाली, शेजार बदलला.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पेन्शन, सकाळचं फिरणं, घरची पूजा, नातीचा अभ्यास, सगळं जागच्या जागी होतं. एवढी एकच गोष्ट राहून गेली होती. आपण काढलेला एखादा कागद लोकांनी आनंदानं हातात धरावा आणि त्यावरून कोणी भांडू नये. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला, गौरम्मांना, न सांगताही ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणूनच सून मंजुश्री डिसेंबरात एका संध्याकाळी म्हणाली, "मामा, एक नकाशा काढून द्याल का?" तेव्हा ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठूनच उभे राहिले.

मंजुश्री शाळेत खेळ शिकवायची. जानेवारीतल्या एका रविवारी औसा रोडच्या मागच्या बागेत लहान मुलांसाठी नकाशावरून खुणा शोधायचा खेळ ठेवायचं तिच्या शाळेनं ठरवलं होतं. मुलाच्या हातात बागेचा नकाशा द्यायचा. त्यावर दहा ठिकाणी गोल केलेले. प्रत्येक ठिकाणी एक भगवी-पांढरी झेंडी आणि तिला बांधलेला चिमटा. आकड्यांच्या क्रमानं झेंड्या शोधायच्या, आपल्याजवळच्या कार्डावर चिमट्यानं भोक पाडायचं, परत यायचं. घरचं एक मोठं माणूस सोबत, पण पाच पावलं मागं. त्यानं बोट दाखवायचं नाही, सांगायचं नाही.

"लातुरात मोठी माणसं सांगितल्याबिगर राहतील?" गौरम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तोच तर खेळ हाय, अत्या," मंजुश्री हसली.

भीमाशंकर चार दिवस बागेत होते. दहा वर्षांची नात स्वप्नाली शाळा सुटल्यावर टेपचं एक टोक धरायची. सगळी भिंत त्यांनी फिरून मोजली. पाचव्या दिवशी जाड कागदावर काळ्या शाईत नकाशा तयार झाला. भिंतीची प्रत्येक बाजू, प्रत्येक कोन, दोन्ही दरवाजे, उत्तरेचा बाण, खाली प्रमाण. चुलीवरच्या भाकरीसारखा फुगून आला होता म्हणा ना त्यांचा ऊर.

मंजुश्रीनं कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "मामा, झाडं कुठंयत?"

"झाडं?"

"झाडं, बाकं, कारंजं, घसरगुंडी..."

"सगळं हद्दीच्या आत हाय की," भीमाशंकर म्हणाले. झाड कुठल्या बाजूचं एवढंच आजवर त्यांना विचारलं गेलं होतं. चारी बाजूंनी बागेचीच भिंत असताना आतल्या झाडाचा प्रश्न येतो कुठं?

स्वप्नालीनं मध्ये डोकं घातलं. "आज्जा, आत कायच न्हाई. पोरं काय भिंतीला हात लावत पळणार का?"

गौरम्मा दाराआड तोंडाला पदर लावून हसल्या ते त्यांना दिसलं.

शाळेत संगणक शिकवणारे अमरेश सर या खेळात मंजुश्रीच्या मदतीला होते. ते म्हणाले, "काका, तुम्ही तरास घेऊ नका. मोबाईलवर वरून काढलेला फोटो मिळतो, त्यावरच गोल करू." त्यांनी फोटो दाखवला. बाग जुनी, झाडी दाट. फोटोत नुसता हिरवा गोळा दिसत होता. तरी मंजुश्री म्हणाली, की नाइलाज झाला तर हाच वापरू. भीमाशंकरांनी आपला कागद गुंडाळला. नोकरीत लोकांनी त्यांचे नकाशे नाकारले होते, पण नकाशात काहीच नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारी घरचीच, तेही खरं तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते कोरा कागद घेऊन बागेत गेले. धोंडाबाई झाडत होती. चौदा वर्षं ती ही बाग झाडत आली होती. भीमाशंकरांनी आपली अडचण सांगितली, तशी तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"आतलं मला इचारा," ती म्हणाली. "भिंत म्या कधी झाडली न्हाई."

मग ती पुढं आणि ते मागं. धोंडाबाईची मोजायची रीत वेगळी होती. झाड किती मोठं, असं विचारलं की ती उंची सांगायची नाही. "ह्या कडुनिंबाखाली दीड पाटी निघती. त्या करंजाखाली एक. हा गुलमोहर तीन पाट्या, पर पाला बारीक, हैराण करतो." रोज किती पाटी पाला निघतो त्यावर तिचं झाडाचं माप. भीमाशंकरांना आधी हसू आलं, मग पटलं. जितका पाला तितका वरचा पसारा, आणि लहान मुलाला लांबून पसाराच दिसणार. त्यांनी एका पाटीला लहान वर्तुळ, दोनला मध्यम, तीन आणि त्याच्या वर मोठं, असं ठरवून टाकलं. प्रत्येक झाडाशी स्वतः जायचं, जवळच्या दोन कोपऱ्यांपासून टेप लावायचा आणि मग पाट्या विचारून वर्तुळ काढायचं.

"चौतीस वर्षं मोजणी केली तुमी," धोंडाबाई म्हणाली, "आन् झाड कसं मोजावं ते न्हाई शिकवलं कोणी?"

"शिकवणारं भेटलं न्हाई, बाई."

दहा दिवस हे चाललं. दोनशे बारा झाडं झाली. बाकं, कारंजं, घसरगुंडी, पायवाटा, सगळं झालं. शेवटच्या दिवशी ईशान्येचा कोपरा तेवढा राहिला होता आणि भीमाशंकरांचा उजवा गुडघा सकाळपासून धरला होता. छपाई संध्याकाळी करायची होती. ते बाकावर बसले आणि लांबूनच विचारलं, "त्या पंपाच्या खोलीपाशी काय?"

"तिथं चार पाट्या. बदाम हाय न्हव का दांडगा."

पंपाची खोली त्यांनी भिंत मोजताना पाहिली होती. तिची जागा पक्की होती. त्यांनी गुडघा चोळला, खोलीला लागून एक मोठं वर्तुळ काढलं आणि कागद मंजुश्रीकडे दिला. तिनं नकाशा पाहिला आणि या वेळी काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "मामा, बाग ओळखू येते." त्या रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी उन्हं वर यायच्या आत अमरेश सरांनी झेंड्या लावल्या. त्यांच्या हातात मंजुश्रीची यादी होती: पहिली कारंजं, दुसरी चिंच, सातवी बदाम. बाग त्यांना पाठ; नकाशा उघडायची गरज पडली नाही.

आठ वाजता दरवाज्याशी जत्रा भरली. साठ-पासष्ट मुलं, आणि प्रत्येकामागं निदान तीन मोठी माणसं. दर दोन मिनिटांनी मंजुश्री शिट्टी वाजवायची आणि एक मूल निघायचं. मागं राहायचा नियम पहिल्या पाच मिनिटांत मोडला. उदगीरहून नातवासाठी मुद्दाम आलेल्या शांतम्मा नावाच्या आजी तोंडावर रुमाल धरून चालत होत्या, विचारलं तर म्हणाल्या, "झेंडी दिसली की तोंडातून निघतंयच बघा, म्हणून बांधून घेतलंय." एक वडील बोट दाखवायचं नाही म्हणून हनुवटीनं दाखवत होते. त्यांचा मुलगा चिडून ओरडला, "पप्पा, मान सरळ ठेवा!"

भीमाशंकर कारंज्याच्या कट्ट्यावर बसले होते. समोरून मुलं त्यांचा नकाशा हातात धरून पळत होती. कोणी तो उलटा धरायचं, कोणी थांबून बोटानं वाट चाचपायचं. एक मुलगी वर्तुळं मोजत पुटपुटत गेली, "लहान, लहान, मोठं... हेच!" आणि झाडाला मिठीच मारली. भीमाशंकरांनी चष्मा काढून पुसला. गौरम्मा शेजारी बसल्या होत्या, त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

आणि तेवढ्यात ईशान्येच्या कोपऱ्यातून मोठ्या माणसांचा आवाज चढला.

 हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. गुडघा दाबत ते उठले.

पंपाच्या खोलीपाशी पंधरा-वीस मुलं घुटमळत होती. मध्ये दोन बाप. एक दाळ मिलवाले शिवकुमार, दुसरे हदगावकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधले किशनराव. शिवकुमारांचा मुलगा नकाशाबरहुकूम खोलीपर्यंत आला होता आणि तिथं झेंडी नव्हती. किशनरावांची मुलगी इकडेतिकडे पाहत पायवाटेपलीकडे गेली, झेंडी दिसली, भोक पाडून मोकळी झाली.

"नकाशा पाहून खेळायचा खेळ हाय का भटकून?" शिवकुमार म्हणत होते. "माझ्या पोरानं नकाशा पाहिला, ते मागं पडलं. ह्यांची पोरगी फिरत फिरत गेली, ती पुढं."

"फिरत म्हंजे? तिला डोळे हायत. तुमचं पोरगं भिंतीशीच उभं राहून राहिलं, त्याला आमी काय करावं?"

"नकाशात झाड इथं हाय!"

"झाड तिथं हाय, दिसत न्हाई का?"

"मग हा नकाशा आमाला मान्य न्हाई," शिवकुमार म्हणाले. "काढला कोणी?"

सगळे वळले. भीमाशंकर समोरच उभे होते.

त्यांनी आधी जागा पाहिली. खोलीला लागून एक बुटकी कण्हेर होती, डोक्याएवढी. पायवाटेपलीकडे पंधरा पावलांवर बदाम उभा होता, आणि त्याच्या फांदीला झेंडी. बदामाची लाल-तांबूस पानं त्याच्या बुडाशी नव्हतीच. हिवाळ्याच्या वाऱ्यानं ती पायवाट ओलांडून खोलीच्या भिंतीशी येऊन साचत होती. धोंडाबाई चार पाट्या भरायची त्या इथून. ती खरंच बोलली होती. पाला इथं पडतो, झाड तिथं उभं. पाहायला जायचं काम त्यांचं होतं, आणि ते गेले नव्हते.

अमरेश सर त्यांच्या कानाशी आले. "काका, मी झेंडी काढून ह्या कण्हेरीला लावतो. लावताना माझी चूक झाली म्हणून सांगतो. तुमचा नकाशा बराबर राहील, विषय संपला."

सोपं होतं. पंधरा पावलं. अमरेश सर भला माणूस, त्यांना त्याचं काही वाटलं नसतं. नकाशा बिनचूक राहिला असता, आणि भीमाशंकरांना जे हवं होतं ते सगळं मिळालं असतं. पण त्यांनी अमरेश सरांचा हात धरला.

"सर, खूण हलवायची न्हाई," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. तो आवाज मोजणीच्या वेळचा होता, नावं पुकारायचा. "झेंडी बराबर हाय. झाडही बराबर हाय. कागद चुकला. मी काढला, मी चुकलो. इथवर चालत यायचा कंटाळा केला."

 शिवकुमार पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडून उभे होते, ते तसेच राहिले. समोरचा माणूस चूक कबूल करील अशी तयारी करून कोणी भांडायला येत नाही. किशनरावच मग म्हणाले, "अहो साहेब, एवढं काय त्यात. दोनशे झाडांत एक इकडंतिकडं व्हायचंच."

"न्हाई व्हायला पाहिजे," भीमाशंकर म्हणाले. "इथवर जे जे पोरगं आलं, त्या सगळ्यांना सातवी झेंडी मिळाली असं धरावं. सूनबाईंना मी सांगतो. तुमच्या मुलीला तर मिळालीच हाय, ती तिच्या डोळ्यांनी."

शिवकुमारांचा मुलगा एवढा वेळ दोन बापांकडे आळीपाळीनं पाहत होता. तो नकाशा घेऊन पुढं आला. "आजोबा, म्हंजे नकाशापण चुकतो?"

"चुकतो की. काढणारा माणूसच हाय."

"मग मी हे झाड खोडून तिकडं काढू?"

"काढ." भीमाशंकरांनी खिशातली पेन्सिल दिली. मुलगा नकाशा किशनरावांच्या मुलीच्या पाठीवर ठेवून वर्तुळ काढू लागला. ती ओरडली, "गुदगुल्या होऊन राहिल्यात, लवकर!" मग तिलाही तिचा नकाशा दुरुस्त करायचा होता, म्हणून तो वाकला. दोघांचे बाप शेजारी शेजारी उभे राहून पाहत होते. "पाठ हालवू नको रे," शिवकुमार मुलाला म्हणाले, "तिचं झाड वाकडं येईल."

मुलं आली तशी पळाली. भीमाशंकर मात्र तिथंच बदामाखाली थांबले. नवीन मूल खोलीपाशी येऊन गोंधळलं की ते म्हणायचे, "इथं माझी एक चूक हाय, सापडते का बघ." मुलांना झेंडीपेक्षा ते जास्त आवडायला लागलं. मोठ्या माणसाची चूक, आणि ती शोधायची परवानगी! शांतम्मांचा नातू झाड सापडताच एवढ्या जोरात ओरडला की आजींचा रुमाल सुटला.

धोंडाबाई खराटा घेऊन आली. तिला कळलं होतं. "म्या चुकीचं सांगितलं का हो साहेब?"

"तुमी पाला बराबर सांगितला, बाई. झाड मी न बघता लावलं."

"मंग त्यात काय. पाला तरी जागेवर हाय," असं म्हणून ती झाडू लागली.

साडेदहाच्या सुमारास सगळी मुलं परत आली, बक्षिसं झाली, पोहे झाले. घरी निघायचं म्हणून गौरम्मा पिशवी उचलून उभ्या राहिल्या, तेव्हा शिवकुमारांचा मुलगा पळत आला. त्याच्या मागं किशनरावांची मुलगी, मागं स्वप्नाली, मागं आणखी सहा-सात जण.

"आजोबा, तिसऱ्या झेंडीपाशी बाकं दोन हायत. तुमी एकच काढलं."

"आन् घसरगुंडीची शिडी इकडून हाय, तिकडून न्हाई."

"आज्जा, ह्याचं ऐकू नका, तिकडूनच हाय. मी दाखवते चला."

"काय दाखवतेस, आत्ताच चढून आलो मी!"

ती भांडत होती, नकाशा चारी बाजूंनी ओढत होती, आणि भीमाशंकरांच्या पोटात काहीच होत नव्हतं. ते पायरीवर बसले, चष्मा लावला, कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक आकडा घातला आणि पहिल्या मुलाला म्हणाले, "हां, सांग. बाकं दोन. कुठल्या झाडापासून किती पावलं? पाहून आलास का नुसतं सांगतोस?"

"पाहून आलो."

"पावलं मोजलीस?"

मुलगा थबकला, आणि सगळी टोळी मागं वळून तिसऱ्या झेंडीकडे पळाली.

"चला की आता," गौरम्मा म्हणाल्या. "जेवायची वेळ होत आली."

"तू हो पुढं," भीमाशंकर म्हणाले. "ती मोजून येतील. मला थांबायला पाहिजे."